स्कॉटी पुन्हा त्याच मनोऱ्यावर का जातो: एका डेझर्टेशनची केस

पार्श्वभूमी

ही केस पुण्यातल्या एका कॉलेजातल्या एम.ए. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीची आहे. तिची परवानगी घेऊनच लिहितेय, तरी ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि तिला इथे नुसतं स. म्हणतेय. डेझर्टेशनसाठी तिने विषय घेतला होता सिनेमातल्या एका पात्राच्या नेणिवेतल्या, म्हणजे मनाच्या त्याला स्वतःलाही न कळणाऱ्या भागातल्या, सहजप्रेरणा, आणि पात्र होतं हिचकॉकच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'मधला स्कॉटी फर्ग्युसन. मेन गाईड होते डिपार्टमेंटचे सर, ज्यांचं आयुष्य हॉस्पिटलमध्ये पेशंट बघण्यात गेलंय, आणि मी को-गाईड, कारण मी सिनेमा शिकवते.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, शेवटासकट, कारण शेवटाशिवाय या केसमधलं काहीच कळणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधला पोलीस डिटेक्टिव्ह स्कॉटी छपरांवरून एका चोराचा पाठलाग करताना घसरतो आणि पन्हाळीला लटकतो, त्याला हात द्यायला वाकलेला हवालदार खाली पडून मरतो. स्कॉटीला उंचीची भीती बसते, तो नोकरी सोडतो. मग कॉलेजचा जुना मित्र एल्स्टर त्याला बोलावतो आणि सांगतो की माझ्या बायकोला, मॅडेलीनला, तिच्या पणजीने पछाडलंय, तू तिच्यावर लक्ष ठेव. पणजी कार्लोटा, सव्विसाव्या वर्षी आत्महत्या करून गेलेली. स्कॉटी मॅडेलीनचा पाठलाग करतो, ती खाडीत उडी मारते तेव्हा तिला वाचवतो, तिच्या प्रेमात पडतो, आणि शेवटी ती एका जुन्या मिशनच्या, म्हणजे चर्चच्या, मनोऱ्यावर धावत चढते तेव्हा भीतीमुळे तो अर्ध्या जिन्यात अडकतो आणि खिडकीतून तिला खाली पडताना बघतो. तो मनाने कोसळतो, सॅनेटोरियममध्ये जातो, बाहेर आल्यावर रस्त्यात त्याला ज्युडी नावाची मुलगी दिसते, दिसायला तशीच. तो तिला कपडे, केस, बूट सगळं बदलायला लावून मॅडेलीन बनवतो. खरी गोष्ट अशी की ज्युडीच ती मॅडेलीन होती, एल्स्टरने भाड्याने घेतलेली, आणि मनोऱ्यावरून पडली ती खरी बायको, आधीच मारलेली. हे कळल्यावर स्कॉटी ज्युडीला परत त्याच मनोऱ्यावर घेऊन जातो, भीती जाते, तो वरपर्यंत चढतो, आणि तिथे ज्युडी पडून मरते.

स.ला हा सिनेमा आतून लागला होता हे पहिल्याच मीटिंगला कळलं. ती म्हणाली, "मॅडम, हा माणूस बरा होतो आणि त्याच क्षणी सगळं संपतं, हे मला डोक्यातून काढताच येत नाही." मला वाटलं हिला विषय सापडलाय, आता फक्त लिहायचंय. तेवढं सोपं नव्हतं ते.

अडचण काय होती

पहिला ड्राफ्ट आला तो स्कॉटीच्या बालपणाचा. आई थंड स्वभावाची असावी, वडील कडक असावेत, लहानपणी कधीतरी उंचावरून पडला असावा किंवा कोणाला पडताना पाहिलं असावं, आणि म्हणून एडिपसची गाठ, म्हणजे मुलाची आईकडची ओढ आणि बापाशी चुरस, सुटली नाही वगैरे. पानंच्या पानं "असावी, असावेत". आता सिनेमा स्कॉटीच्या भूतकाळाबद्दल सांगतो किती, तर तो वकील होता, पुढेमागे पोलीस चीफ व्हायचं म्हणून पोलिसात आला, आणि कॉलेजात असताना मिज नावाच्या मैत्रिणीशी तीन आठवडे एंगेजमेंट झाली होती जी मिजनेच मोडली. बस. आईबाप नाहीत, घर नाही, बालपणाचा एक शब्द नाही.

सरांनी समासात जागोजागी एकच लिहिलं होतं, पुरावा कुठाय? आणि बरोबरच होतं ते. क्लिनिकमध्ये पेशंट समोर बसलेला असतो, त्याला विचारता येतं, तो गप्प राहिला तरी त्या गप्प राहण्याला अर्थ असतो, पुढच्या आठवड्यात तो वेगळं काहीतरी सांगतो. पात्राचं तसं नाही. एल. सी. नाइट्स नावाच्या इंग्लिश समीक्षकाने १९३३ मध्ये लेडी मॅकबेथला मुलं किती होती असं शीर्षक देऊन याच सवयीवर एक निबंध लिहिला होता, की नाटकाबाहेर पात्राचं आयुष्य शोधत बसू नका. आपल्याकडेही 'एकच प्याला'मधला सुधाकर मुळात कसा होता, सिंधू नसती तर तो पिऊन गेला असता का, यावर पिढ्यान् पिढ्या वाद घातलेत लोकांनी, आणि त्यात मजाही असते, पण ते डेझर्टेशन नव्हे.

स. मात्र दुखावली. तिचं म्हणणं असं की बालपण काढून टाकलं तर सायकोॲनालिसिसमध्ये, म्हणजे मनोविश्लेषणात, उरतं काय? हा प्रश्न खरा होता आणि मला वाटतं पूर्ण केस याच प्रश्नाची आहे. ज्याला भूतकाळच दिलेला नाही त्याच्या नेणिवेबद्दल आपण काही बोलू शकतो का, आणि बोललो तर कशाच्या जोरावर.

कोणते पर्याय होते

सरांचा पर्याय सरळ होता, निदान करा. उंचीची भीती आहे, डोळ्यांदेखत सहकारी मेला आहे, वाईट स्वप्नं आहेत, लक्षणांची यादी लावा आणि आघातानंतरच्या तणावाची केस म्हणून लिहा. यात काही चूक नाही, उलट सिनेमात डॉक्टर स्वतःच निदान सांगतो, तीव्र मेलँकोलिया, म्हणजे खोल उदासी, आणि सोबत अपराधगंड. पण मिजची प्रतिक्रिया बघा, ती ऐकून घेते आणि जाताना म्हणते की मोझार्टचा काही उपयोग होणार नाही, कारण तिथे उपचार म्हणून मोझार्टच्या रेकॉर्ड लावत असतात. म्हणजे सिनेमाने निदान देऊनही टाकलं आणि ते पुरत नाही हेही सांगून टाकलं. आपण तेच निदान परत लावून नवीन काय मिळणार होतं?

दुसरा पर्याय तिच्या एका मित्राने सुचवला होता, पात्र सोडून दिग्दर्शकाचीच नेणीव वाचायची, हिचकॉक आणि त्याच्या सोनेरी केसांच्या नायिका. मी याला लगेच नाही म्हटलं. एक तर त्यात चरित्रातली गॉसिप फार शिरते, आणि दुसरं म्हणजे मूळ गोष्ट त्याची नाहीच, ती बुआलो आणि नार्सजाक या फ्रेंच जोडीच्या १९५४ च्या कादंबरीची आहे, आणि त्या कादंबरीत तर शेवटी नायक स्वतःच्या हाताने तिचा गळा दाबतो. मग नेणीव कोणाची धरायची, दोन फ्रेंच लेखकांची, पटकथाकारांची, की हिचकॉकची? हां, एक गोष्ट ठेवली, हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत स्वतः मान्य केलंय की या माणसाला मेलेल्या बाईबरोबर झोपायचंय. ते एका वाक्यात आलं आणि तिथेच सोडलं.

तिसरा पर्याय होता सिनेमाची अभ्यासक लॉरा मल्व्ही हिच्या १९७५ च्या निबंधाची वाट धरायची, पुरुषी नजर, बघण्यातलं सुख, त्यात 'व्हर्टिगो'चा उल्लेख आहेच. चांगली वाट, पण स.चा मूळ प्रश्न होता की तो पुन्हा वर का जातो, आणि नुसत्या नजरेने त्या जिन्याचं उत्तर मिळत नव्हतं.

चौथा पर्याय मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइडने दाखवलेला. त्याने १९०७ मध्ये येन्सनच्या 'ग्राडिव्हा' या कादंबरिकेवर पुस्तकच लिहिलं होतं, म्हणजे कधीच जन्माला न आलेल्या माणसाचं विश्लेषण त्याने स्वतः केलं होतं, आणि गोष्ट काय तर एक पुरातत्त्वाचा अभ्यासक दगडात कोरलेल्या चालत्या बाईच्या प्रेमात पडतो, तिला शोधत पॉम्पेईला जातो, तिथे तशीच एक जिवंत मुलगी भेटते. मेलेल्या बाईची प्रतिमा आणि जिवंत मुलगी! स.ला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. आणि फरक तर अजून बोलका होता, कारण तिथली मुलगी, झोई, त्या माणसाचा भ्रम एकदम तोडत नाही, थोडा वेळ त्याच्या भ्रमातली ग्राडिव्हा होऊन बोलते आणि हळूहळू त्याला बाहेर काढते. ज्युडीला तसं करायची संधीच मिळत नाही, कारण तिने तो भ्रम आधी पगार घेऊन उभा केलेला आहे.

काय ठरलं आणि काय केलं

ठरवलं असं की बालपण पूर्ण बाद, आणि नियम एकच, जे पडद्यावर दोनदा किंवा जास्त वेळा घडतं तेवढंच पुरावा म्हणून धरायचं. यामागे फ्रॉइडचाच आधार होता. १९२० च्या 'सुखतत्त्वाच्या पलीकडे' या लिखाणात त्याला पडलेला प्रश्न हाच होता की माणसं दुःखाची गोष्ट परत परत का करतात, युद्धातून आलेले सैनिक स्वप्नात पुन्हा त्याच स्फोटात का जातात. आणि तिथेच त्याच्या नातवाचा तो प्रसिद्ध खेळ आहे, दीड वर्षाचं पोर, दोरी बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या कडेवरून टाकतं आणि गेलं अशा अर्थाचा आवाज काढतं, मग ओढून परत आणतं. आई जाते ते त्याच्या हातात नसतं, रीळ टाकणं मात्र हातात असतं. जे सोसावं लागलं ते स्वतः करून बघणं. हे सगळं मांडायला बालपणाची कहाणी रचायची गरज पडत नाही, कृतीची पुनरावृत्ती पुरते.

स.ने एक्सेल शीट बनवलं. वेळ, कोण बघतंय, कोण पडतंय, कोणी कोणाला धरलंय, कोण वाचवायला आलंय. सिनेमा तुकड्या-तुकड्यात थांबवत पाहिला. आणि शीट भरत गेलं तसं एक चित्र निघालं जे आम्हा तिघांपैकी कोणीच आधी धरलं नव्हतं. पहिल्या प्रसंगात स्कॉटी लटकलेला आहे आणि दुसरा माणूस त्याला वाचवायला येतो आणि पडतो. स्कॉटी तिथून खाली कसा आला हे सिनेमा दाखवतच नाही, पुढच्या सीनमध्ये तो थेट मिजच्या घरी बसलेला असतो. रॉबिन वुड या समीक्षकाने १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की त्यामुळे तो पूर्ण सिनेमाभर जणू लटकलेलाच राहतो. आणि त्यानंतर प्रत्येक वेळी वाचवणाऱ्याच्या जागी स्कॉटी स्वतः असतो. खाडीत उडी मारतो, मनोऱ्यावर धावतो, ज्युडीला मॅडेलीन करून "परत आणतो". ज्याच्यासाठी कोणीतरी मेलं तो माणूस आता कोणालातरी वाचवतोय, आणि ज्याला वाचवतोय ते माणूस पडतंय. प्रेमाच्या बाईला वाचवण्याची पुरुषाची ही ओढ फ्रॉइडने १९१० च्या एका निबंधात वेगळी काढून दाखवलीय, पण तिथे ती आईशी बांधलेली आहे. स.ने ती आईपासून सोडवली आणि हवालदाराशी बांधली. मला हे तिच्या पूर्ण कामातलं सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात पटणारं वाक्य वाटतं.

स्वप्नाचा सीन या शीटमुळे वेगळाच दिसायला लागला. स्वप्नात स्कॉटी कार्लोटाच्या उघड्या कबरीपाशी जातो, तिच्यात पडतो, आणि मग मिशनच्या छपरावर जी आकृती पडते ती त्याची स्वतःची असते. बाईच्या जागी तो. १९१७ च्या शोक आणि मेलँकोलियावरच्या निबंधात फ्रॉइड म्हणतो की गेलेल्या माणसाची सावली स्वतःवरच पडते, गमावलेलं माणूस बाहेर राहत नाही, आत येऊन बसतं. इथे ते अक्षरशः पडद्यावर आहे, कल्पना करावी लागत नाही.

आणि तो प्रसिद्ध शॉट, जिन्यातून खाली बघताना खालपर्यंतचं अंतर एकदम लांबतं तो. कॅमेरा एका दिशेला सरकतो आणि लेन्स त्याच वेळी उलट दिशेने झूम होते, म्हणून मधली जागा ताणल्यासारखी होते. जिन्याचं छोटं मॉडेल आडवं ठेवून ते शूट केलं होतं. मी तिला गिरींद्रशेखर बोस वाचायला दिले होते, कलकत्त्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे, फ्रॉइडशी पत्रव्यवहारात वाद घालणारे. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक इच्छेबरोबर तिची उलटी इच्छा असते, आणि दमन, म्हणजे इच्छा नेणिवेत दडपली जाणं, होतं ते या दोघींच्या ओढाताणीतून. मारण्याच्या इच्छेखाली मार खाण्याची, बघण्याच्या इच्छेखाली बघितलं जाण्याची. स.ने हे वाचलं आणि सरळ त्या शॉटला लावलं, की पडायची भीती आणि पडायची ओढ एकाच वेळी, एकाच फ्रेममध्ये, दोन विरुद्ध हालचालींनी. थिअरी सिनेमावर चिकटवलेली वाटत नव्हती, शॉट जे करतो तेच बोस सांगत होते. सरांनी या पानावर पहिल्यांदा बरोबरची खूण केली.

स्क्रीनिंगच्या दिवशी

मध्येच आम्ही डिपार्टमेंटमध्ये स्क्रीनिंग ठेवलं, कारण स.ला बघायचं होतं की ज्यांनी थिअरी वाचलेली नाही त्यांना स्कॉटी कसा वाटतो. कपड्यांच्या दुकानाचा सीन आला, स्कॉटी एकामागून एक सूट नाकारतोय, त्याला मॅडेलीन घालायची तो एकच करडा सूट हवाय, ज्युडी रडवेली झालीय. नंतर केसांचा रंग. ज्युडी नको म्हणते आणि तो म्हणतो, प्लीज, तुला काय फरक पडतो. खोलीत एकदम शांतता. थोडी मुलं मागे हसत होती तीही थांबली. चर्चेत एक मुलगी म्हणाली की हे वाक्य मी घरी ऐकलंय, याच सुरात, आणि मग ती बराच वेळ स्वतःबद्दल बोलली.

इथे मोठा निर्णय घ्यावा लागला. स.ला ते सगळं डेझर्टेशनमध्ये हवं होतं, प्रेक्षकाची नेणीव म्हणून एक चॅप्टरच. आणि मटेरियल जबरदस्त होतं हे खरंच आहे. पण ती मुलगी सिनेमा बघायला आली होती, संशोधनात भाग घ्यायला नाही, तिची संमती घेतलेली नव्हती, आणि नंतर जाऊन सही मागणं म्हणजे ती गुंतलेली असताना मागणं. सर ठाम होते, एक ओळही घ्यायची नाही. मी आधी म्हणत होते की नाव न देता एक परिच्छेद चालेल. सरांनी विचारलं, त्या खोलीत बसलेल्या कोणालाही तो परिच्छेद वाचून कळणार नाही का कोण ते? कळलं असतं. त्यामुळे नाही घेतलं. सरांनी त्या मुलीला कॉलेजच्या समुपदेशकांचा नंबर दिला, नंतर चौकशीही केली. हा भाग डेझर्टेशनमध्ये कुठेच नाही, पण केसमध्ये तो मला मध्यावर वाटतो, आणि इथेही मी तो त्या मुलीला विचारून आणि बदलून लिहिलाय.

ज्युडी

स्क्रीनिंगचा एक परिणाम मात्र थेट झाला. तोपर्यंत स.च्या शीटमध्ये ज्युडीचा कॉलम फक्त "कोण पडतंय" मध्ये होता. मी तिला म्हटलं, स्कॉटीला नेणीव आहे आणि ज्युडीला नाही असं कसं चालेल? कॅन्ससमधल्या सलायना गावातून आलेली, दुकानात काम करणारी मुलगी, ती पळून जाऊ शकत होती. ती तर पळून जाण्यासाठी पत्रही लिहिते, सगळं कबूल करणारं, आणि फाडून टाकते. प्रेक्षकाला खरं काय ते तिथेच कळतं, शेवटाच्या कितीतरी आधी.

मग हाराचा सीन. मॅडेलीन झाल्यावर ज्युडी जेवायला जायची तयारी करत असते, आनंदात आहे, आणि गळ्यात कार्लोटाचा हार घालते, जो कार्लोटाच्या जुन्या चित्रात होता, जो तिने कधीही बाहेर काढायला नको होता. एवढंच नाही, त्याचा फासा लावायला ती स्कॉटीलाच बोलावते. त्याला फासा कसा लावायचा ते कळत नाही, तर ती म्हणते, दिसत नाही का तुला? आणि तेवढ्यात तो आरशात बघतो आणि त्याला दिसतं. फ्रॉइडने १९०१ मध्ये रोजच्या आयुष्यातल्या चुकांवर जे लिहिलंय, बोलताना जीभ घसरणं, वस्तू नको तिथे विसरणं, त्यातलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ती विसरली म्हणायचं, की तिला सापडायचं होतं? ती पूर्ण वेळ म्हणतेय की मी आहे तशी माझ्यावर प्रेम कर. आणि तशी म्हणजे कोण हे त्याला कळायचं तर ती कोण होती ते कळायला हवं. तिच्या आतलं काहीतरी हे सांगून टाकतं, तिच्या फायद्याच्या विरुद्ध जाऊन. स.ने सहा पानं लिहिली यावर. मी अजून मागत होते, पण सबमिशन जवळ होतं.

व्हायवा

एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, पहिलाच प्रश्न असा विचारला की आम्ही तिघंही सावरून बसलो. ते म्हणाले, बाई, हे सगळं तर एल्स्टरने रचलंय, त्याने मुद्दाम उंचीला घाबरणारा माणूस निवडला कारण तो वर चढणार नाही हे त्याला माहीत होतं, तुमची पुनरावृत्ती कटाची आहे, मग यात नेणीव कुठे आली?

स.चं उत्तर तयार होतं असं नाही, पण शीट तिच्या डोक्यात पक्कं होतं. ती म्हणाली, सर, मॅडेलीन पडेपर्यंत तुमचं बरोबर आहे. तिथपर्यंतची प्रत्येक गोष्ट एल्स्टरची आहे आणि ती मी पुरावा म्हणून कमी धरलीय. पण चौकशी झाल्यावर एल्स्टर युरोपला निघून जातो, कट संपला, पैसे दिले-घेतले, आता स्कॉटीला कोणीही ढकलत नाहीये. करडा सूट तो स्वतः शोधतो, केस तो स्वतः रंगवून घेतो, आणि रंगवल्यावरही ज्युडीने केस मोकळे ठेवले म्हणून तो समाधानी होत नाही, ते मागे बांधायलाच लावतो. मनोऱ्यावर तोच तिला ओढत नेतो, भूतकाळातून मोकळं व्हायला ही एक शेवटची गोष्ट करायचीय म्हणतो. कट पहिल्या भागाचं कारण आहे, दुसऱ्या भागाचं कारण सिनेमा देतच नाही. तिथे फक्त तो आहे.

एक्स्टर्नल थोडा वेळ थांबले आणि मग म्हणाले, हे तुमच्या प्रस्तावनेत का नाही? खरंच नव्हतं. ते कुठेतरी तिसऱ्या चॅप्टरच्या तळाशी एका वाक्यात होतं, आणि तेच पूर्ण युक्तिवादाचा पाया होतं.

दुसरा प्रश्न मृत्युप्रेरणेचा, म्हणजे माणसाला स्वतःच्या अंताकडे खेचणाऱ्या ओढीचा. इथे ती अडकली. शेवटी स्कॉटीची भीती गेलीय, तो कड्यावर उभा आहे, हात किंचित बाजूला, खाली बघतोय, म्हणजे तो बरा झाला की आता तोही उडी मारणार? तिने लिहिलं होतं की मृत्युप्रेरणा जिंकली. एक्स्टर्नल म्हणाले, सिनेमा तिथे संपतो, तुम्ही पुढचं बोलताय. तुमच्याच नियमाने हा पुरावा नाही. मुद्दा मान्य करावा लागला. निकाल चांगला लागला, बदल सुचवून मंजूर, एक वाक्य काढायचं आणि कटाचा मुद्दा पहिल्या पानावर आणायचा. तिने दोन्ही केलं आणि प्रस्तावना नव्याने लिहिली, ती आता मला पूर्ण कामात सगळ्यात आवडते.

पुन्हा केलं तर

सर आणि मी यावर नंतर बसून बोललो, कारण असे विषय आता दरवर्षी येतायत, कोणी जोकर घेतं, कोणी हॅनिबल लेक्टर. एकमत झालं ते हे की थिअरी आधी वाचायला देऊ नये. स.ने आधी एडिपस वाचलं आणि मग सिनेमात एडिपस शोधला, तो नव्हता म्हणून बालपण रचलं. शीट आधी, नुसतं काय घडतं ते, आणि पुनरावृत्ती दिसल्यावर मग कुठला फ्रॉइड उपयोगी पडतो ते बघायचं. त्याचं लिखाण इतकं पसरलेलं आहे की १९०५ चा, १९१७ चा आणि १९२० चा फ्रॉइड एकमेकांशी भांडतात, विद्यार्थ्याने कुठला घेतला ते स्पष्ट सांगायला हवं.

दुसरं, पात्राला कोण ढकलतंय हे आधी वेगळं करायला हवं. कथानक, कट, दुसऱ्या पात्राची चाल, नटाची स्टार म्हणून असलेली प्रतिमा, आणि हे सगळं वजा केल्यावर जे उरतं तिथेच नेणिवेची भाषा लागू होते. आम्ही आता हा प्रश्न पहिल्या मीटिंगलाच विचारतो. सरांचं मत याहून कडक आहे, त्यांना वाटतं उरलेल्या भागालाही प्रेरणा म्हणू नये, नुसतं नमुना म्हणावं. मला ते पटत नाही. करडा सूट हातात आल्यावर स्कॉटीचा जो चेहरा होतो त्याला नमुना म्हणून कसं चालेल, तो माणूस उपाशी दिसतो तिथे. आमचा हा वाद चालू आहे.

स्क्रीनिंगबद्दल मात्र वाद नाही. आता चर्चा संशोधनात वापरायची असेल तर संमतीपत्र सिनेमा सुरू व्हायच्या आधी भरून घेतो, आणि वापरायची नसेल तर तेही आधीच सांगतो, आणि स्वतःबद्दल कोणी बोलायला लागलं तर चर्चा चालवणाऱ्याने काय करायचं ते ठरलेलं असतं.

आणि मिज. स.च्या डेझर्टेशनमध्ये मिज जवळजवळ नाही. सॅनेटोरियममध्ये ती स्कॉटीला जवळ घेऊन आई आली म्हणते, आणि सुरुवातीलाच स्कॉटीने तिला सांगितलेलं असतं की आईसारखी वागू नकोस. बालपण नसलेल्या सिनेमात आई हा शब्द एवढ्या ठळकपणे येतो आणि तो येतो मिजमुळे. आमच्या नियमात बसणारा पुरावा आहे हा, दोनदा आलेला, तरी आम्ही तिघांनी तो बाजूला ठेवला कारण एडिपसला नुकतंच घराबाहेर काढलं होतं. स. आता पीएचडीच्या प्रपोजलवर काम करतेय आणि तिने पहिला चॅप्टर मिजवर टाकलाय, मागच्या आठवड्यात त्याचं कच्चं शीट पाठवलं, त्यात पहिला कॉलम आहे, कोण कोणाची काळजी घेतंय आणि ती कोणाला नकोय.